फॉरमॅट न मारता

आमचा कॉम्प्युटर मी साफ केला. फडक्यानं केला असता तर काहीच झालं नसतं. मी आतून केला!

माझी बायको उमा त्यावर टॉवेल-चादरींची डिझाइनं काढते. त्यासाठी तिनं एकेक करून अ‍ॅप बसवून घेतलेली. त्यातलं विणकामाचं अ‍ॅप बसवून देणारा माणूस तर धंदा सोडून वैरागला शेती करतोय. संध्याकाळपर्यंत चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याला मोराचं डिझाइन द्यायचं होतं. तो मोर अर्धाच झाला होता आणि मी सकाळी सगळ्या अनोळखी फायली उडवल्या. (ओळखीची एकही नव्हती!)

स्टार्टचं बटन मेलं. एकही अ‍ॅप उघडेना, नुसते फोल्डर तेवढे उघडत होते. मी घाबरून नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"फॉरमॅट मारावं लागतंय की, साहेब."

"आणि अ‍ॅप?"

"ती जात्यात. सगळी."

फोन स्पीकरवर होता. हे ऐकून उमाचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता मीसुद्धा जातोय!

पण ती ओरडली नाही. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तासभर वाचत बसली. मग आधी सगळी डिझाइनं पेन ड्राइव्हवर काढून घेतली, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर विंडोजची फाइल उतरवली आणि आमच्या कॉम्प्युटरला लावली.

"अगं, ह्यानं सगळं पुसलं जाईल!"

"न्हाय जात. हितं बघा, 'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' म्हणतंय. हे निवडलं की विंडोज तेवढी नवी बसते."

बासष्ट टक्क्यांवर गाडी अडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग पडदाच काळा! "गेलं!" म्हणून मी प्लग उपटायला धावलो.

"सुम्मने कुंद्री!" उमा गरजली. (ती अक्कलकोटची. खरा राग कन्नडमध्ये येतो. अर्थ: गप बसा.)

मी बसलो. जमिनीवरच!

तीनदा बंद-चालू होऊन पडदा उजळला. स्टार्ट जिवंत! उमानं श्वास रोखून विणकामाचं अ‍ॅप उघडलं. अर्धा मोर जागच्या जागी! तिनं डोळे पुसले, मी नाक.

साडेपाचला पूर्ण मोर कारखान्यात पोचला. मी लगेच दुरुस्तीवाल्याला फोन केला, "फॉरमॅट न मारता झालं! माझ्या बायकोनं केलं!"

तो म्हणाला, "वहिनींना दुकानात पाठवता का? लई गरज हाय."

"आणि मी येऊ?"

"तुमी नका येऊ, साहेब. तुमी बिघडवत राहा, गिऱ्हाईक कमी पडाय नको!"