मास्तरांचं नाणं

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणारे सगळे मला फार मानतात.

गंगेकाठी दुर्गाघाटाच्या गल्लीत आमचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. दुकान ह्यांचं, नजर माझी. माझे वडील शास्त्री. शिलालेख उतरवून घ्यायचे, त्यांच्याजवळ बसून मी ब्राह्मी शिकले. हे नाणी आत पाठवायचे, मी चिंचेच्या पाण्यात धुऊन वाचायची आणि बाहेर नाव ह्यांचं व्हायचं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी म्हणायची. खोटं. फार वाटायचं.

एक संस्कृतचे मास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक. नाण्यांचं वेड, आणि आमच्या शब्दावर आंधळा विश्वास. वाचणारी मी आहे, हे गिऱ्हाइकांत त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

एकदा हे अलाहाबादला गेले होते. भर दुपारी मास्तर धापा टाकत आले. गंगेपलीकडे एका शेतात मिळालेलं तांब्याचं नाणं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"वहिनी, बघा हो. शेवटी 'मित्र' लागतंय. आधीचं काही उलगडत नाही."

मी उजेडाकडे धरलं — आणि वाचलं. कुठल्याच पुस्तकात नसलेला राजा! इतक्या शतकांत त्याला नावानं हाक मारणारी मी पहिली. पण नाणं मास्तरांचं. त्यांनी मला श्रेय दिलं नसतं का? — दिलं असतं. तसेच होते ते. मला ते ठाऊक होतं. पण मला वाटा नको होता. मला सगळं हवं होतं.

"नकली आहे, मास्तर," मी म्हटलं. "ओतीव. साच्याची ही कडेची शिवण बघा."

शिवण नव्हतीच. पण त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, आणि म्हणाले, "आहे खरी."

नाणं त्यांनी तिथंच ठेवलं. "असू द्या. मुलांना खेळायला होईल."

हे परतल्यावर मी सांगितलं, एक गवळीण देऊन गेली. ह्यांनी ते, मी वाचलेल्या नावासकट, एका गोऱ्या जज्जसाहेबाला विकलं.

महिन्याभरात तो नाण्यांचा षोकीन साहेब आमच्या गल्लीत पायी आला. दारातून वाकून आत शिरला. "किसने पढ़ा?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरवाली ने, हुजूर."

साहेबानं टोपी काढली! समोरच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. त्याच्या लेखात नाव छापून आलं — ह्यांचं नव्हे, माझं.

मग ब्रह्माघाटावर आपल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. साहेबानं ते नाणं दिवसभरासाठी दिलं होतं. मास्तर किती तरी वेळ त्यावर वाकून उभे. ते वळले — चेहरा फुललेला.

"वहिनी, माझं ते खोटं नाणं अगदी अस्संच होतं हो! तुम्ही नसतात तर जन्मभर फसलो असतो."

"फसवणारे हुबेहूब करतात, मास्तर," मी हसून म्हटलं.

लगेच मला शाल घातली, टाळ्या झाल्या. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता, मुलं झाली तेव्हाही नाही. आज आठवलं तरी छाती भरून येते. लाज वाटायला हवी ना? ती नंतर येते, आणि थोडीच येते.

आपली नजर कच्ची म्हणून मास्तरांनी पुढं नाद सोडला. जन्मभर जमवलेली नाणी आमच्याच दुकानात आणून दिली. मी एकेक तपासलं. सगळी खरी होती. त्यांना मी तसं कधी कळवलं नाही.