भुंडे हात

पोटची लेक माझ्या बांगड्यांना भिते, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

चार वर्षांची होती. आंघोळीचं कढत पाणी डाव्या पायावर सांडलं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत कातडी सोलून निघाली. आम्ही तेव्हा भांडुपला चाळीत राहायचो. एक दिवसाआड तिला रिक्षात घालून मुलुंडच्या दवाखान्यात ड्रेसिंगला न्यायचं. जखमेला चिकटलेली पट्टी काढताना तिने पाय झाडला तर नवी कातडी फाटणार, म्हणून सिस्टर पाय धरायच्या आणि मी डोक्याशी उभी राहून तिचे दोन्ही हात. पट्टी भिजवून काढा म्हणून मी दर वेळी भांडायचे. बाहेरची रांग बघा, हे ठरलेलं उत्तर. भांडखोर बाई म्हणून तिथे माझं नाव झालं, पण पट्टी सुकीच ओढली जायची.

एकदा घरी मी भाकऱ्या थापत होते. बांगड्या वाजल्या, आणि कॉटवर झोपलेली पोर किंचाळत उठली, पाय पोटाशी घेऊन. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथे टेबलावर तिच्या कानाशी हाच आवाज असायचा.

मग आठवलं, ती हल्ली माझ्या हातचं खातच नव्हती. दुखणं कमी होण्याचं औषधसुद्धा आजीकडूनच घ्यायची. सासूबाई विधवा, त्यांचे हात मोकळे. मला त्यांचा हेवा वाटला, आणि हेवा कशाचा वाटतोय हे लक्षात येऊन स्वतःचीच भीती वाटली. मी बांगड्या उतरवायला बसले तर त्या आडव्या आल्या. त्यांचा मुलगा, माझा नवरा, ट्रक घेऊन लांब गेलेला, इतक्यात परतायचा नव्हता.

"माझो झील रस्त्यार आसा, आणि तू हात भुंडे करतस?"

मी तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या रूढी तुम्हाला लखलाभ, पोर माझी आहे, हेसुद्धा. त्या रडल्या नाहीत, हटल्याही नाहीत. शेवटी बांगड्या हातातच राहिल्या. पुढच्या ड्रेसिंगला मात्र त्या सोबत निघाल्या, बहुधा माझ्यावर नजर ठेवायला. तोवर त्या ड्रेसिंगच्या खोलीत कधी आल्याच नव्हत्या.

पोरीला टेबलावर ठेवलं. मी हात पुढे केला, बांगड्या वाजल्या आणि तिने सगळं अंग आखडून घेतलं. टेबल ओलं झालं. सिस्टर म्हणाल्या, अशी करायला लागली तर हात बांधावे लागतील.

सासूबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या तरातरा पुढे आल्या, माझं मनगट पकडून मला बेसिनपाशी नेलं, तिथला लाल साबण माझ्या हाताला फासला आणि एकेक बांगडी उतरवू लागल्या. ओठांत गावच्या देवाला गाऱ्हाणं चाललं होतं. मध्येच एक बांगडी तडकली. त्यांचा हात थांबला, चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यांनी खाली वाकून तुकडे वेचले आणि उरलेल्याही काढल्या. सगळं पदराच्या टोकाला बांधलं आणि ती गाठ मुठीत धरून उभ्या राहिल्या.

या खोळंब्यात थांबावंच लागलं म्हणून सिस्टरांनी पट्टीवर पाणी ओतून ठेवलं होतं, त्यामुळे ती आयतीच भिजली. मी पोरीला मांडीवर घेऊ का विचारलं, आणि कसं कोण जाणे, सिस्टर हो म्हणाल्या. लेकीने माझं मनगट चाचपून पाहिलं, दुसरंही पाहिलं, मग पाठ माझ्या पोटाला टेकवली. पट्टी काढताना ती रडली, दुखलंच तिला. पाय मात्र झाडला नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने आजीच्या मुठीकडे बोट दाखवलं.

"आता घाल ना आईला. झालं ना आता."

सासूबाईंनी गाठ सोडली. बांगड्या मीच चढवल्या. त्या वाजल्या तरी लेक दचकली नाही. घरी आल्यावर सासूबाई तडकलेल्या बांगडीचे तुकडे तुळशीच्या डब्यात पुरून आल्या.

त्यांच्या मुलाची काही खबर नव्हती, ट्रक अजून रस्त्यावरच होता. आणि तरीही पुढच्या ड्रेसिंगला निघताना साबणाची वडी त्यांनी स्वतःच कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली.