साकवाखालचा खोका

"जळलं तर जळलं सर, काय होतंय!" असं म्हणत ती खटका दाबायची आणि लगेच ओढणीने नाक झाकून घ्यायची. आमच्या कर्जतच्या कॉलेजात मोजमापं घेणारी छोटी यंत्रं जोडणाऱ्या, संगणक शाखेच्या मुलांचा एक गट होता. मी त्यांचा सर आणि ती त्यातलीच एक. बाकीची पोरं वायर जोडण्याआधी चारदा विचारत. तोवर हिने एक सर्किट जाळून दुसरं हातात घेतलेलं असे. प्रयोगशाळेत जळका वास आला की मी मागे न बघताच तिला हाक मारायचो.

ती पोशीरकडच्या एका गावातली, भातशेतीवाल्या घरातली. गावच्या नदीवर साकव आहे, पायी जाण्यापुरता छोटा पूल. त्याखाली तिने स्वतः एक खोका बसवला. त्यातला सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचा आणि पाणी फार वर आलं की शाळेवरचा भोंगा वाजवायचा. काठावरच्या गोठ्यांतली जनावरं वेळेत सोडता यावीत, एवढंच तिला हवं होतं.

भोंगा पहिल्यांदा वाजला तो कडक उन्हात, गावात साखरपुडा चालू असताना. लोक ताटावरून उठले, म्हशी सोडल्या, एका आजोबांना खुर्चीसकट उचलून टेकाडावर नेलं. नदीत पाय भिजण्यापुरतंही पाणी नव्हतं. कुंभारमाशीने सेन्सरच्या तोंडाशी मातीचं घर केलं होतं आणि आमच्या यंत्राला तेच पाणी वाटलं. मला हसू आवरेना, पण तिचा चेहरा बघून मी गप्प झालो.

गाव गप्प बसणार थोडंच! "काय गं, आज पूर हाय का नाय? कपडं वाळत घालू ना?" शेजारच्या काकू रोज विचारायच्या. ती मान खाली घालून निघून जायची. प्रयोगशाळेतही आता खटका दाबण्याआधी म्हणायची, "थांबा सर, परत एकदा बघू." मग तिनेच एक बदल सुचवला. इशारा आधी तिच्या मोबाइलवर यावा आणि तिने होकार दिला तरच भोंगा वाजावा. मला ते शहाणपणाचं वाटलं.

पावसाळ्यात एका दुपारी इशारा आला. तिने होकार दिला नाही. खात्री करायला छत्री घेऊन ती आधी नदीवर गेली. तिथे पोचली तेव्हा काकूंच्या गोठ्यात पाणी शिरलं होतं. शेळ्या बांधलेल्याच होत्या, त्या तशाच बुडून गेल्या.

भोंगा बिघडला असेल, असंच सगळे धरून चालले होते. ती बोलली नसती तरी चाललं असतं. पण ती मला बरोबर घेऊन काकूंकडे गेली आणि सगळं सांगितलं. काकूंनी खुंट्याची रिकामी दावी सोडून हातात घेतली.

"मंग वाजवायचा ना गं," त्या म्हणाल्या. "आमी हसलो असतो. आजून काय केलं असतं?"

ती उंबऱ्यातच खाली बसली. माझीही मान वर होईना. पोर हसण्याला भ्याली होती, आणि मी त्याला शहाणपण समजलो होतो.

त्यानंतर ती गटात एकदाच आली. मोबाइलवरच्या होकाराची अट काढून टाकली आणि गेली. आता पुण्यात नोकरी करते.

परवा सेन्सरसमोर कुठलं तरी गोणपाट अडकलं आणि भोंगा पुन्हा उगाच वाजला. मी तिला फोन करून सांगितलं.



"लोक हसले का, सर?"

"हसले."

"आणि शेळ्या?"

"आधी सोडल्या. मग हसले."