मागे सरून बघण्याची सिगारेट

माझे मामा कोट शिवतात. पूर्वी त्यांच्या एका कानावर खडू असे आणि दुसऱ्या कानावर सिगारेट. घाईत कधी कधी खडूच ओठांत जाई. दुकान एका खोलीचं. कापायचं लांब टेबल, खिडकीजवळ मशीन, कोपऱ्यात बिनडोक्याचा लाकडी पुतळा. लोकरीवर इस्त्री फिरली की उठणारी वाफ आणि तंबाखू, या वासात माझं बालपण गेलं. वास वाईट होता हे आज कळतं. तरी आठवला की हवाहवासा वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

कोट पुरा झाला की मामा तो पुतळ्याला चढवायचे, चार पावलं मागे सरायचे, भिंतीला टेकून सिगारेट पेटवायचे आणि ती संपेपर्यंत कोटाकडे नुसते बघत राहायचे. तेवढा वेळ कोणी चकार शब्द काढायचा नाही. मामी तर उंबरठ्याच्या आतच यायची नाही, धुराने तिला ठसका लागायचा. घर शेजारीच, पण नवऱ्याचं काम तिने कधी धड पाहिलं नव्हतं.

मामा साठीला आले तेव्हा दवाखान्यातून निरोप आला: वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांनी त्रास नसला तरी फुप्फुसाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यावी.

"त्रास नाही तर जायचं कशाला? हे विकतचं दुखणं!" मामा म्हणाले.

"तुम्ही गेला नाहीत तर मी जेवणार नाही," मामी म्हणाली. ती खाण्याची भारी शौकीन, त्यामुळे धमकीवर कोणाचाच विश्वास बसला नाही. पण मामा उठले.

सोबत मी गेले. मोठ्या गोल यंत्रात आडवं होताना मामा तिथल्या बाईंना म्हणाले, "कापड जुनं आहे, पण अस्तर नीट बघा हं."

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घ्यायला गेलो. काही सापडलं नव्हतं. मामांची कळी अशी खुलली की हात थेट कानाकडे गेला. "पास झालो! आता ओढायला मोकळा."

पण त्या दवाखान्यात रिपोर्ट ऐकला की लगेच शेजारच्या खोलीत पाठवत. तिथे सिगारेट सोडवणाऱ्या बाई बसत. त्यांनी मामांचं बोलणं ऐकलं होतं.

"काका, आज कॅन्सर दिसला नाही, एवढंच. उद्याची हमी कोणी दिली? वर्षभर ओढायचं आणि परत येऊन फोटो काढायचे, त्यात काय अर्थ?" त्यांनी तलफ कमी करायला दंडाला लावायच्या पट्ट्या दिल्या, मग विचारलं, "कुठली सिगारेट सुटणारच नाही असं वाटतं?"

मामांनी लाजत कोटाची गोष्ट सांगितली.

"मग मागे सरताना कोणाला तरी सोबत घ्या," बाई म्हणाल्या.

पुढचा कोट झाला आणि मामांनी मामीला हाक मारली. ती स्टुलावर बसली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डावा खिसा वर गेलाय."

"इतक्या वर्षांत सिगारेटने एकदाही चूक काढली नव्हती!" मामा चिडले. पण खिसा उसवला.

मधे ते घसरलेही, पुन्हा ओढू लागले. मामीने भांडण केलं नाही, फक्त स्टूल उचलून घरी नेलं. मामा मुकाट्याने पुन्हा त्या बाईंकडे गेले, आणि स्टूल परत आलं. दर वर्षी तपासणी होई, शेजारच्या खोलीत गप्पा होत, आणि घरी आल्यावर मामी पोटभर जेवे.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली, झोपेतच. आता मामांना कोण आवरणार, या धास्तीने मी दुकानात गेले. पुतळ्यावर नवा कोट होता. मामा भिंतीला टेकले होते. स्टुलावर न उघडलेलं पाकीट होतं.

"ओढणार आहात?" मी विचारलं.

"ठरत नाहीये." त्यांनी पाकीट उचलून टेबलावर टाकलं. "तू बस इथे. चूक काढ."

शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही. कोट मला तरी देखणा दिसत होता. मामांचे डोळे माझ्यावर लागले होते.

"उजवा खांदा जरा उतरलाय," मी ठोकून दिलं.

मामा पुढे आले. खांद्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"काही उतरलेला नाही. डोळे आहेत की बटणं?" ते म्हणाले. आणि कात्री घेऊन खांदा उसवायला बसले.

मी निघाले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "ते पाकीट घेऊन जा. पुढचा कोट शुक्रवारी होतोय."