खाऱ्या पिठाचे ससे

मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा उस्ताद बेकरीत लागले. आधी ट्रे घासायचे, मग मैदा चाळायचे, मग मळायला शिकले आणि होता होता भट्टीवर गेले. साठी उलटली तरी बेकरीत मळणीला त्यांच्याच हाताची वाट पाहिली जायची. यंत्र आलं होतं, पण यंत्राने मळलेला गोळाही मालक त्यांच्यापुढे सरकवायचा आणि विचारायचा, "उस्ताद, बघा हो, झालं का?" उस्ताद अंगठा रुतवून बघत आणि म्हणत, "अजून रुसलंय. थोडं थांब." पीठ रुसतं, पीठ हसतं, पीठ दमतं, अशीच त्यांची भाषा होती. बायको होती तोवर चिडवायची, "माझ्याशी एवढं कधी बोललात?"

ती गेल्यावर लेक त्यांना आपल्याकडे घेऊन आली. जावई परगावी बांधकामावर मुकादम होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. लेक बसच्या डेपोत तिकीट खिडकीवर बसायची. तिची मुलगी अडीच वर्षांची. त्या पोरीला खाऊ गालात साठवून ठेवायची सवय होती, म्हणून उस्तादांनी तिचं नाव ठेवलं खारू. नावाला जागूनच की काय, पोरीला खारटही फार आवडायचं. शेंगदाण्यांचं मीठ चाटून शेंगदाणे परत वाटीत टाकायची. लेक कामाला निघाली की बेकरीतून आलेले उस्ताद नातीचा ताबा घ्यायचे. पहाटे भट्टी, दुपारी नात. म्हातारपणी याहून काय हवं, असं ते कुणालाही सांगत.

बेकरीच्या काचेत एक टोपली होती. विणलेली, वर पानं, कणसं, एक पक्षी. सगळं पिठाचं. मैद्यात निम्मं मीठ घालून मळायचं, आकार द्यायचा, मंद आचेवर वाळवायचं. यीस्ट नाही, त्यामुळे फुगत नाही; मीठ एवढं की किडा-मुंगी फिरकत नाही. कारागीर त्याला मेलेलं पीठ म्हणत. ते पीठ शोभेपुरतं.

त्याच पिठाचे ससे उस्तादांनी खारूसाठी करायला घेतले. लेकीने बाजारातून रंगीत खेळायचं पीठ आणलं होतं, त्याला औषधासारखा वास येत होता. उस्तादांनी ते नाकाशी नेलं आणि उंच फळीवर ठेवून दिलं.

"कसलं रसायन घातलंय कुणास ठाऊक," ते म्हणाले. "मी देतो करून. पीठ-मीठ-पाणी. घरचंच."

"बाबा, ही सगळं तोंडात घालते."

"घालू दे की. एकदा खारट लागलं की थुंकेल. आणि गेलं पोटात तरी पीठच आहे ना? पीठ खाऊन कुणाचं काही वाईट झालंय?"

लेकीला ते पटलं. आयुष्यभर पिठात हात असलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर पटायचंच. बेकरीत येणाऱ्या बायकांनाही पटलं. कुणी सशाचं कौतुक केलं की उस्ताद पानात गुंडाळून एक गोळा हातावर ठेवत. "पोरांना द्या खेळायला. काही घाबरू नका." असे चार-पाच घरी त्यांचे गोळे गेले.

त्या दिवशी भट्टीवर काम जास्त होतं. उस्ताद घरी आले ते पायांत गोळे घेऊनच. लेक गेली. खारूने दूध-भात खाल्ला. उस्तादांनी तिच्यापुढे नवे मऊ ससे ठेवले, स्वतः खाटेवर पाय लांब केले आणि म्हणाले, "तू त्यांना झोपव, मी जरा पाठ टेकतो."

जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. खारू स्वयंपाकघरात होती. पेल्यातलं पाणी निम्मं फ्रॉकवर सांडत गटागटा पीत होती. संपलं की पेला पुढे करायची. "आबा, पानी." उस्तादांनी दिलं. तिने परत मागितलं. त्यांनी परत दिलं आणि हसून म्हणाले, "उंट आहेस का गं?"

जमिनीवर एकच ससा होता. बाकीचे खाटेखाली गेले असतील, असा विचार त्यांच्या मनात आला आणि निघून गेला.

मग तिला उलटी झाली. पांढरे गोळे पडले. उस्तादांना वाटलं, दूध फाटलं. त्यांनी पुसलं, तिचं तोंड धुतलं, मांडीवर घेतलं. पुन्हा उलटी झाली. ती पाण्यासाठी हात लांब करत होती. त्यांनी पेला वर ठेवून दिला. उलटीवर पाणी दिलं की परत उलटी होते, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं. खारू किंचाळून रडायला लागली. ते रडणं नेहमीचं नव्हतं. आवाज चिरका होता आणि गालावर पाण्याचा टिपूस नव्हता.

शेवटी न राहवून त्यांनी जे कुणीही करेल तेच केलं. पाण्यात साखर घातली, मीठ घातलं, ढवळलं आणि चमच्या-चमच्याने पाजलं. हात कारागिराचा, चिमूट सढळ. खारूने ते अधाशासारखं घेतलं. घेतल्यावर जरा वेळ कुरकुरली आणि मग मान टाकून झोपली.

उस्तादांनी देवाचे आभार मानले. पंखा हळू केला. अंगावर चादर घातली. घर एकदम शांत झालं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं तेव्हा ते दारात जाऊन म्हणाले, "हळू रे, पोरगी आजारी आहे."

दिवेलागणीला लेक आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "आज एवढी शांतता?"

"पोट बिघडलंय. आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू नकोस."

तरी लेकीने वाकून हात फिरवला. "बाबा, ही तापलीय." तिने हाक मारली. मग गालावर टिचकी मारली, मग खांद्याला धरून हलवलं. खारूचे डोळे अर्धवट उघडले आणि कुठेच न बघता वर गेले. उस्तादांनी तिला उचलायला पोटावर हात ठेवला. कातडी चिमटीत आली आणि तशीच राहिली. मऊ, जड, सुस्त. असा स्पर्श त्यांच्या बोटांनी हजारो वेळा ओळखला होता, पण माणसाच्या अंगावर कधी नाही. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

टॅक्सीत तिला झटका आला. हात-पाय ताठ झाले, जबडा बसला. लेक ड्रायव्हरवर ओरडत होती आणि ड्रायव्हर सिग्नलवर.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पोरीला आत घेतलं. झटका थांबवणारं औषध दिलं, रक्त काढलं. बाहेर येऊन विचारलं, "दिवसभरात काय खाल्लं हिने?"

"दूध-भात," उस्ताद म्हणाले.

"आणखी?"

"आणखी काही नाही. शपथेवर सांगतो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात ससा हा खाऊ नव्हताच. तो खेळ होता.

रक्ताचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई परत आल्या. या वेळी त्या दोघांसमोर बसल्या. "हिच्या रक्तात मीठ भलतंच वाढलंय. नुसत्या जुलाब-उलट्यांनी इतकं वाढत नाही. घरात मिठाचा डबा हिच्या हाताला लागतो का? आठवून सांगा. तुमच्यावर आळ घेत नाहीये, पण मला कळलंच पाहिजे."

"डबा वरच्या फळीवर असतो," लेक म्हणाली. "तिचा हातच पोचत नाही."

उस्ताद आपल्या तळहातांकडे बघत होते. नखांच्या कडेला पांढरं वाळलेलं होतं.

"ससे," ते म्हणाले.

"काय?"

"मी ससे केले होते. पिठाचे. त्यात निम्मं मीठ असतं. एकच उरला होता. मला वाटलं... खाटेखाली गेले." मग पुढे, "आणि उलटी झाली म्हणून मी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. आणि साधं पाणी तोडलं."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, ती पाणी मागत होती?"

"हो."

लेक उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता नेमकं काय करायचं ते मला कळलं. बहुतेक मुलं असलं पीठ थुंकून टाकतात, किंवा गेलं तरी ओकून टाकतात. पण एखाद्या मुलाला चव आवडते. एवढ्याशा जिवाला दोन चमचे मीठही जिवावर बेतू शकतं. मीठ मेंदूतलं पाणी ओढून घेतं."

"मग भरपूर पाणी द्या ना," लेक वळून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता द्या!"

"तिथेच तर मेख आहे. घाईने उतरवलं तर मेंदू सुजेल. जसं चढलं त्याहून सावकाश उतरवायचं. सलाइन थेंबाथेंबाने जाईल. आपण वाट बघायची."

वाट बघण्यात रात्र गेली. सकाळी खारूला पुन्हा एक झटका आला, आतल्या धावपळीने उस्ताद बाकावरून उठले आणि कुणाला न सांगता बाहेर पडले. लेकीला वाटलं, त्यांना बघवलं नाही म्हणून गेले.

ते आठवून आठवून घरं गाठत होते. पहिल्या घरी गोळा कधीच कचऱ्यात गेला होता. दुसऱ्या घरी बाईने हसतच दार उघडलं. "उस्ताद! या ना. तुमच्या पिठाने आमच्या बंड्याला वेड लावलंय."

"ते परत द्या."

"अहो, परत काय? चांगलं झाकून ठेवते मी. मऊच्या मऊ आहे."

"त्यात मीठ आहे. फार आहे. पोटात गेलं तर पोर दगावेल."

बाईला तो मस्करीचा भाग वाटला. "तुम्हीच तर म्हणालात, गेलं पोटात तरी पीठच आहे. बाजारच्या रसायनापेक्षा घरचं बरं."

आपलंच वाक्य उंबरठ्यावरून परत आलेलं उस्तादांनी ऐकलं. त्यांनी चौकटीला धरलं. "मी म्हणालो. चुकीचं म्हणालो. माझी नात इस्पितळात आहे, तेच खाऊन. द्या म्हणतो ना!"

बाईचा चेहरा उतरला. ती आतून डबा घेऊन आली. गोळ्याला बारीक दातांचे व्रण होते. तिने ते आत्ताच बघितले होते. दोघांनी एकदमच आतल्या खोलीकडे पाहिलं. बंड्या खिडकीत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हाका मारत होता. "त्याला पाणी द्या," उस्ताद म्हणाले. "मागेल तेवढं द्या. आणि आजच डॉक्टरला दाखवा." बाईने पोराला कडेवर घेतलं आणि तशीच, चप्पल न घालता, त्यांच्याबरोबर जिना उतरली. दुपारपर्यंत कळलं, बंड्या ठीक होता. चावला होता, गिळलं नव्हतं.

बाकीचे गोळे परत मिळाले, पण एका घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, गावाला गेलेत, फोन लागत नाही. पोरगं बरोबर आहे आणि खेळणीही. उस्ताद त्या कुलपापुढे बराच वेळ उभे राहिले. नंतर रोज इस्पितळात जाताना त्या गल्लीतून जायचे. कुलूप बघायचे आणि पुढे जायचे. ती माणसं परतली तेव्हा गोळा प्रवासातच टाकून दिल्याचं त्यांनी सांगितलं. उस्ताद तिथेच पायरीवर बसले. घरातल्यांनी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरलं, प्यायले नाहीत.

खारू वाचली. मीठ उतरायला दिवस लागले, शुद्ध त्यानंतर आली; धावत आलेला जावई मगच कामावर परतला. पहिल्यांदा तिने आईला ओळखलं, मग स्वतःच्या पायाला. उस्तादांकडे बघून तिने डोळे मिटून घेतले. झोपेने की कशाने, कोण सांगणार? घरी आली तेव्हा डाव्या हाताने पेला धरताना बोटं थरथरत होती. चालताना मधेच थांबायची, जणू पुढचं पाऊल कुठलं ते विसरलीय.

"भरून येईल का?" लेकीने विचारलं.

डॉक्टरीणबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "हात सुधारेल. बाकीचं आत्ता नाही सांगता येत. शाळेत जायला लागली, अक्षरं-आकडे आले की कळेल. तोवर लक्ष ठेवा."

लेकीने खारूला डेपोजवळच्या पाळणाघरात घातलं. वडिलांना घर सोडून जा म्हणाली नाही. पण दुपारी पोर आणि ते दोघंच घरात असतील असं तिने पुन्हा कधी होऊ दिलं नाही. हे कुणी बोलून दाखवलं नाही. उस्तादांनी समजून घेतलं आणि दुपारची पाळी मागून घेतली. बेकरीत शोभेचं पीठ मळायला मालकाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या हाताने मळा." मालक म्हणाला, "अहो, पिठाचा काय दोष?" उस्ताद म्हणाले, "पिठाला मी कुठे दोष देतोय?"

एकदा आंघोळीनंतर खारूचे केस पुसत असताना लेक एकाएकी म्हणाली, "मीही हो म्हटलं होतं, बाबा." एवढंच. उस्तादांनी मान हलवली. त्याने ओझं हलकं झालं असं नाही. दोघांनी दोन टोकांना धरलं, एवढंच.

आता संध्याकाळी तिघं एकत्र बसतात. लेक चित्रांचं पुस्तक उघडते, खारू बोट ठेवून नावं सांगते. "घोला. हत्ती. बदक." उस्ताद खुर्चीत बसून ऐकतात, पण त्यांचे हात गुडघ्यांवर आवळलेले असतात. काल ती एका चित्रावर अडली. बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि तशीच राहिली. पंखा फिरत होता. लेकीने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी लेकीकडे. तिला आठवत नव्हतं की नुसता कंटाळा आला होता, हे दोघांनाही कळत नव्हतं.

लेकीने पान उलटलं.