शाईचं बोट

अमेरिकेत लेकीकडे गेले, त्याच आठवड्यात तिथलं मतदान होतं. तिच्या गावच्या दफनभूमीत एका साध्या दगडापुढे बायकांची रांग लागली होती. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून जन्मभर झगडलेली एकजण तिथे निजली आहे. हक्क मिळाला, तेव्हा ती नव्हती. मत दिल्यावर तिथे छातीवर लावायला एक गोल स्टिकर देतात. बायका तो काढून तिच्या दगडावर चिकटवत होत्या. एका म्हातारीने स्टिकर अंगठ्याने नीट दाबला आणि दगडाशी काहीतरी बोलली.

"काय म्हणाली गं?" मी लेकीला विचारलं.

"‘देऊन आले,’ म्हणाली."

बाहेरून आल्यावर आपणही घरातल्या थोरांना असंच सांगतो. मला मताचा हक्क मागावा लागला नाही. वय भरलं आणि मिळाला. शाई लवकर जात नाही, म्हणून कुरकुर मात्र दरवेळी केली.

मी हातमोजा काढला. निघण्याआधी गावी मत दिलं होतं. नखाशी शाई अजून होती. ते बोट मी गार दगडावर टेकवलं.

"आई, तुला इथे मत नाही," लेक हसून म्हणाली.

"नसू दे," मी म्हटलं. "तिलाही नव्हतं."