बाबांची पापणी

दर नोव्हेंबरात बाबा बँकेत जाऊन आपण हयात असल्याचं दाखवून यायचे. पेन्शनवाल्यांना ते करावंच लागतं. फॉर्म भरायचा, साहेबासमोर सही ठोकायची, की वर्षभर जगायला मोकळे. बाबा त्यासाठी कडक इस्त्रीचा शर्ट घालायचे, कारण एक तारखेला दहाच्या ठोक्याला ते शिकवायचे त्या शाळेतले चित्रकलेचे सर आणि पीटीचे सरही तिथे यायचे. "आहात ना? मीही आहे," असं एकमेकांना सांगून झालं की समोरच्या हॉटेलात मिसळ. भेट वर्षातून तेवढीच. उगीच फोन करणं तिघांच्याही शिस्तीत बसत नव्हतं.

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आमचं डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं.

"मी गेलो नाही तर ते दोघं काय समजतील?" बाबांचं एकच पालुपद.

"काही समजत नाहीत. आता सगळं ऑनलाइन असतं," मी म्हटलं. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात सरकारी अर्ज मोबाईलवर आणायचंच काम मी करते, त्यामुळे माझा तोरा विचारू नका. पाच मिनिटांचं काम, असंही मी आईसमोर बोलून बसले.

पेन्शनच्या ॲपला फक्त चेहरा हवा होता. समोर फोटो नाही, जिता माणूस आहे, हे त्याला पटावं म्हणून एकदा पापण्या मिटायच्या होत्या. तिथेच घोडं अडलं. शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी बाबा तीस वर्षं मुलांवर खेकसत आले होते, "डोळे मिटायचे नाहीत!" कॅमेरा दिसला की आजही ते श्वास रोखतात, छाती काढतात आणि डोळे ताणून बसतात.

"बाबा, मिटा."

"मिटतोय."

कसले मिटतायत! मी फुंकर मारली. आईने कांदा चिरून आणला. आम्ही दोघी रडलो, बाबा ढिम्म. ॲपने सांगितलं: जिवंत व्यक्ती आढळली नाही.

आई भडकली. "हा माणूस आहे की पुतळा, हे चाळीस वर्षं मीही विचारतेय. पण तुझ्या मोबाईलने विचारायचं कारण नाही!"

चार दिवस हेच. एक तारीख उलटली. पेन्शन अडेल म्हणून मी घाबरले होते, बाबांना त्याचं काहीच नव्हतं. "ते मिसळ न खाताच गेले असतील," एवढंच म्हणाले आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठले. फोन करा म्हटलं, तर म्हणे, "काय सांगू? मी आहे म्हणून?" मला राग आला, म्हणजे माझाच.

पाचव्या दिवशी बाबांच्या तोंडासमोर मोबाईल धरून मी ओरडत होते, तेवढ्यात बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात दोन म्हातारे, पांढरे शर्ट, घामाघूम. चित्रकलेच्या सरांच्या हातात झेंडूचा हार.

"वहिनी," ते खाली बघत म्हणाले, "आम्हाला जरा उशिराच कळलं."

"काय कळलं?"

"नाही, म्हणजे सर बँकेत आले नाहीत, त्यावरून..."

खुर्चीतून बाबांचा आवाज आला, "चपला बाहेर काढा."

पीटीचे सर मूळचे कळव्याच्या खाडीकाठचे कोळी. बाबांना आयुष्यभर 'सर, आपण' म्हणणारा हा माणूस चपलांसकट आत धावला. "आरं, तू जिता हायस! तीन जिने रडत चढलो ना रं!" त्यांनी बाबांच्या खांद्यावर एक गुद्दा घातला आणि पुन्हा हमसून रडायला लागले. आणलेल्या हाराचं काय करावं ते चित्रकलेच्या सरांना कळेना. शेवटी त्यांनी तो बाबांच्याच गळ्यात घातला.

बाबांची पापणी लवली. एकदा, मग सारखीच. मोबाईल मी अजून तसाच त्यांच्या तोंडासमोर धरलेला होता. त्याने हिरवी खूण दाखवली.

तो फोटो आता सरकारदरबारी आहे. डोळे भरलेले, गळ्यात झेंडूचा हार, आणि खाली शिक्का, हयात. यंदा मी ऑफिसात रजा टाकली आहे. एक तारखेला दहा वाजता बाबांना बँकेत न्यायचंय.